फौजदारी अपिलातील अतिरिक्त पुरावा : न आलेल्या कागदांविषयी



सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा मी आधी नकार कळवला होता. या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची व्याख्याने झाली. मी उज्जैनच्या कोर्टात आणि इंदूरच्या खंडपीठापुढे फौजदारी अपिले चालवण्यात आयुष्य घालवलेला एक साधा वकील. कायद्याच्या एखाद्या कलमावर तासभर बोललो तर तारीख पडल्यावर पक्षकार जसे निमूट उठून जातात तसे श्रोते उठून जातील, अशी धास्ती होती. पण मग सरांचे एक जुने रूप डोळ्यांपुढे आले. जुलै महिन्यातील प्रवेशाची गर्दी, शाळेच्या ओसरीवर मांडलेले टेबल, आणि दाखल-खारिज रजिस्टरात प्रत्येक मुलाची नोंद स्वतःच्या हाताने करणारे सर. कारकून असताना मुख्याध्यापकांनी हे काम का करावे, असे आम्हां पोरांना वाटे. त्याचे उत्तर मला फार उशिरा, आणि शाळेत नव्हे तर भैरवगढला मिळाले. म्हणून हा विषय.

उज्जैनच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ आहे. यात्रेकरू तेथे काळभैरवाच्या आणि सिद्धवटाच्या दर्शनाला जातात. कापडाचे जाणकार छिप्यांच्या वस्तीत जातात. मेणाने नक्षी काढून रंगवलेल्या तेथील बाटिक कापडाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आम्हा वकिलांच्या तोंडी मात्र भैरवगढ म्हणजे केंद्रीय जेल. ‘तो भैरवगढला आहे’ एवढे कोणी सांगितले की पुढचे काही विचारावे लागत नाही. विधी सेवेच्या कामानिमित्त मी तेथे अनेक वर्षे जात आलो. कैद्याला अपील करायचे असेल तर त्याने कोर्टापर्यंत येण्याची गरज नाही. त्याने आपला अर्ज जेलच्या अधिकाऱ्याच्या हाती द्यावा आणि त्या अधिकाऱ्याने तो न्यायालयाकडे पाठवावा, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४२४ मध्ये आहे. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली असेल तर उच्च न्यायालयात जाण्याची मुदत साधारणतः साठ दिवसांची, फाशीची शिक्षा असेल तर तीसच.

निकालाची नक्कल कैद्याला विनामूल्य मिळालीच पाहिजे आणि अपिलासाठी वकील नसेल तर तो शासनाने दिला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात सांगितले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल. गंमत अशी, की ज्याच्या प्रकरणात हा मोठा हक्क उच्चारला गेला त्याची स्वतःची याचिका फेटाळली गेली. निकालाची नक्कल जेलकडे पाठवली होती असे एक बाजू म्हणत होती आणि ती मला मिळालीच नाही असे तो म्हणत होता. चार वर्षांहून अधिक काळ त्यात गेला. एक कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न गेल्याने माणसाच्या आयुष्यात केवढा खड्डा पडतो, हे त्यातून दिसते.

तर भैरवगढच्या भेटीच्या खोलीत कैदी समोर येऊन बसतो. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली निकालाची नक्कल असते. त्याला ती बहुधा वाचता येत नाही, पण कोणत्या पानावर काय आहे हे त्याला इतरांकडून ऐकून ठाऊक झालेले असते. आणि दहांतले चार-पाच जण एकच वाक्य निरनिराळ्या प्रकारे उच्चारतात : ‘साहेब, तो कागद कोर्टात आलाच नाही.’ त्यांतील काही खोटे बोलत असतात. हे मी श्रोत्यांपासून लपवणार नाही. पण सगळेच खोटे बोलत नसतात, आणि कोण खरे बोलतो आहे हे त्या खोलीत बसून कळण्याची कोणतीही युक्ती मला आजवर सापडलेली नाही.

सामान्य माणसाची अशी समजूत असते की अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालणे. तसे नसते. अपिलात साक्षीदार येत नाहीत, पिंजरा नसतो, उलटतपासणी नसते. खालच्या कोर्टात जे कागद आणि ज्या साक्षी नोंदल्या गेल्या त्यांचे एक बाड वरच्या कोर्टापुढे ठेवलेले असते. त्याला आम्ही पेपर बुक म्हणतो. न्यायमूर्ती ते वाचतात, वकील त्यातल्या पानांवर बोटे ठेवून भांडतात. बाडात जे आहे तेवढेच जग. जो साक्षीदार बोलावला गेला नाही, जे हजेरीपुस्तक मागवले गेले नाही, ज्या दवाखान्याची नोंद कोणी पाहिली नाही, ते त्या जगात जन्मलेलेच नसते.

या भिंतीला कायद्याने एक दार ठेवले आहे. १८९८ च्या संहितेत ते कलम ४२८ होते, १९७३ च्या संहितेत ३९१ झाले आणि आता नागरिक सुरक्षा संहितेत ४३२ आहे. क्रमांक बदलत गेले, मजकूर जवळपास तोच राहिला. अपील ऐकणाऱ्या न्यायालयाला अतिरिक्त पुरावा आवश्यक वाटला तर त्याने तशी कारणे लिहून ठेवावीत आणि तो पुरावा स्वतः घ्यावा किंवा खालच्या न्यायालयाकडून घेववावा. उच्च न्यायालय बहुधा सत्र न्यायालयाला सांगते. तेथे साक्ष होते, उलटतपासणी होते, आणि ते सारे प्रमाणित होऊन वर येते. पुरावा घेतला जात असताना आरोपीला वा त्याच्या वकिलाला हजर राहण्याचा हक्क आहे. सगळी भिस्त ‘आवश्यक’ या एका शब्दावर आहे. कोणाला आवश्यक? आरोपीला नव्हे, सरकारलाही नव्हे. न्यायालयाला, योग्य निर्णय देण्यासाठी.

हे दार किती उघडावे याविषयी सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी हात आखडता घेतला आहे. १९६५ साली बंगालमधील एका प्रकरणात त्याने सांगितले, की हा अधिकार क्वचित आणि योग्य प्रसंगीच वापरावा. २००१ साली महाराष्ट्रातील एका अपिलात बजावले, की याच्या आडून खटला नव्याने चालवता येणार नाही आणि या पुराव्याने आरोपीवर अन्याय होता कामा नये. २०२४ च्या जानेवारीत, धनादेश न वटल्याच्या एका साध्या प्रकरणात, पुन्हा तेच : जो पुरावा पक्षकाराला खटल्यातच आणता आला असता आणि ज्याने तो आणण्याची खटपट केली नाही, त्याने अपिलात येऊन तो मागू नये.

ही कृपणता निष्कारण नाही. मी तिच्या बाजूने चार शब्द बोलतो, कारण वकिली करताना मी नेहमी तिच्याविरुद्ध बोलत आलो. शिक्षा झाल्यावर माणसाला आठवणी फुटतात. शेजारी आठवतो, ज्याने त्या रात्री त्याला दुसऱ्याच गावी पाहिले होते. दाखला सापडतो, ज्यावरची शाई अजून पुरती वाळलेली नसते. प्रत्येक शिक्षेनंतर असा नवा पुरावा आत येऊ लागला तर कोणताही निकाल कधी संपणारच नाही, आणि ज्याच्या घरचे माणूस मेले आहे त्याला पुन्हा पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

शिवाय हे दार आरोपीपुरतेच नाही, हेही विसरू नये. बडोद्याच्या बेस्ट बेकरीत १ मार्च २००२ रोजी चौदा माणसे मारली गेली. साक्षीदार फिरले आणि २००३ साली सर्व आरोपी सुटले. अपिलात अतिरिक्त पुरावा घ्यावा ही विनंती गुजरात उच्च न्यायालयाने नाकारली. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कलम ३९१ चा अर्थ सविस्तर उलगडला आणि खटला महाराष्ट्रात नव्याने चालवण्याचा आदेश दिला. मुंबईतील न्यायालयाने २००६ साली नऊ जणांना दोषी ठरवले. पुढे उच्च न्यायालयात त्यांतील पाच सुटले, चौघांची शिक्षा कायम राहिली. म्हणजे जे साधन भैरवगढच्या कैद्याला हवे असते तेच साधन मृतांच्या नातलगांनाही हवे असू शकते.

पण येथे एक अडचण आहे, जिच्याकडे कायद्याच्या पुस्तकांत फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. ‘तू हा पुरावा आधी का आणला नाहीस?’ हा प्रश्न ज्याच्या हाती कागद होता त्याला विचारणे योग्य आहे. ज्याला तो कागद अस्तित्वात आहे हेच ठाऊक नव्हते त्याला काय विचारावे? दस्तऐवज हजर करण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. जुने कलम ९१, नवे ९४. आज त्यात मोबाइल व संगणकावरील नोंदीही येतात. पण हुकूम मागणाऱ्याने कोणता कागद, कोणाजवळ, हे सांगावे लागते. खटल्यातील बहुतेक कागद पोलिसांनी जमवलेले असतात. त्यांतील जे त्यांना उपयोगी ते दोषारोपपत्राबरोबर येतात. उरलेले कोठे जातात?

इंग्लंडातील एक जुने उदाहरण सांगतो. ॲडॉल्फ बेक नावाच्या गृहस्थाला १८९६ साली लंडनमध्ये स्त्रियांना फसवल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. अनेक स्त्रियांनी त्याला ओळखले. पोलिसांचे म्हणणे, की १८७७ साली शिक्षा भोगलेला जॉन स्मिथ तो हाच. बेक म्हणत होता, त्या काळात मी दक्षिण अमेरिकेत होतो. पण तो पुरावा खटल्यात येऊ दिला गेला नाही. १८९८ साली सरकारी दप्तरात तुरुंगाची जुनी नोंद तपासली तेव्हा आढळले, की जॉन स्मिथची सुंता झालेली होती आणि बेकची नव्हती. दोन माणसे निराळी, हे एका ओळीत सिद्ध झाले. मग काय केले? बेकला तुरुंगात नवा क्रमांक दिला. सोडले नाही. शिक्षा भोगून तो बाहेर आला आणि १९०४ साली तशाच आरोपावरून पुन्हा दोषी ठरला; शिक्षा सुनावली जाण्याआधी खरा गुन्हेगार योगायोगाने सापडला म्हणून तो वाचला. त्याला पाच हजार पौंड मिळाले, आणि इंग्लंडला १९०७ साली फौजदारी अपिलाचे न्यायालय मिळाले. त्या कायद्यातच न्यायालयाला कागद मागवण्याचा आणि साक्षीदारांना हजर करवण्याचा अधिकार दिला गेला. ज्या दप्तराने बेकला निर्दोष ठरवले ते सहा वर्षे सरकारच्याच कपाटात होते, हे त्यामागचे कारण.

हे सातासमुद्रापलीकडचे आणि शतकापूर्वीचे म्हणून सोडून देता येत नाही. नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये एका शेतावरच्या झोपडीत दरोडा पडला. एकाच कुटुंबातील माणसे मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतील सहा मजूर पकडले गेले. २००६ साली सहाही जणांना फाशी सुनावली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. पुढे असे दिसून आले, की ज्या तिघांची शिक्षा वाढवली त्यांचे म्हणणेच ऐकले गेले नव्हते. निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली गेली. आणि ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, अब्दुल नझीर व शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांकडील अट्टल गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार निराळीच माणसे ओळखली होती. त्या चौघांचा तपास झाला नाही आणि ही गोष्ट अभियोग पक्षाने दडवून ठेवली. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला.

श्रोतेहो, या प्रकरणात तीन न्यायालयांनी फाशी दिली होती. तिन्ही न्यायालयांत विद्वान न्यायाधीश होते. मी त्यांना नावे ठेवत नाही. पुढ्यात जे बाड आले त्यावर त्यांनी निकाल दिले.

यावर उपाय सुचवले गेले आहेत. पोलिसांनी जमवलेल्या, पण खटल्यात न वापरलेल्या साक्षींची, कागदांची आणि वस्तूंची निदान यादी तरी आरोपीला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या एप्रिलमध्ये ठरवले. पुढल्याच वर्षी, २० मे २०२२ रोजी, आपल्या शेजारच्या इंदूर शहरातील एका तिहेरी खुनाच्या अपिलात तेच अधिक ठामपणे सांगितले आणि आरोपींची फाशी जन्मठेपेवर आणली. यादी हाती असेल तर वकिलाला सांगता येते, की अमुक क्रमांकाचा कागद मला हवा. यादी नसेल तर त्याने अंधारात चाचपडायचे. ही यादी नियमाने मिळू लागली तर अपिलात नवा पुरावा मागण्याची निम्मी प्रकरणे उद्भवणारच नाहीत, असे माझे मत आहे. मात्र नियम छापला जाणे आणि यादी तयार होऊन हाती पडणे यांच्यामध्ये पुष्कळ टेबले असतात.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा विषय शाळेत घेतला, त्याकडे येतो.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एकाच घरातील सात जणांची हत्या झाली. पाच स्त्रिया आणि दोन मुले. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना शहर कसे हादरले होते हेही आठवेल. राजस्थानातून कामासाठी आलेल्या एका आरोपीला १९९८ साली फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अपील फेटाळले, फेरविचाराचा अर्जही फेटाळला. खटला सज्ञान माणसावर चालावा तसा चालला. आरोपीचे खरे वय किती, हा प्रश्न कोणीच नेटाने विचारला नाही.

पुष्कळ वर्षांनी बिकानेरकडील एका सरकारी शाळेच्या रजिस्टरातील नोंद पुढे आली. नाव थोडे निराळे : खटल्यात ‘नारायण’सारखे सरळ नाव, शाळेत गावाकडे घेतात तसे. जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे घटनेच्या दिवशी तो बारा वर्षे आणि सहा महिन्यांचा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायाधीशांना चौकशी करण्यास सांगितले; शाळेचा मुलगा आणि फाशीचा कैदी एकच आहेत का, हा खरा प्रश्न होता. त्यांचा अहवाल अनुकूल आला. सरकारने त्याला कसून विरोध केला आणि तो करणे सरकारचे कर्तव्यच होते. २७ मार्च २०२३ रोजी न्यायमूर्ती जोसेफ, बोस आणि रॉय यांच्या पीठाने ती नोंद स्वीकारली व त्याला मुक्त करण्याचा आदेश दिला. अल्पवयीन मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते. हा अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता, आणि त्यातला बराच काळ फाशीच्या छायेत.

हे घडू शकले याचे कारण असे, की वयाचा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, शेवटचा निकाल लागून गेल्यानंतरही काढता येतो, असे बालन्याय कायद्याने स्पष्ट केले आहे. आणि वय ठरवताना आधी काय पाहावे? २०१५ च्या कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिला आहे. पहिल्या स्थानी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. म्हणजे ज्या देशात घरोघरी जन्माची नोंद नसते तेथे शाळेच्या रजिस्टराला कायद्याने डॉक्टरच्याही वर बसवले आहे.

त्या मृतांच्या आप्तांना हा निकाल ऐकून काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा केला. त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. ज्या घरात सात चिता पेटल्या त्या घराला ‘तो बारा वर्षांचा होता’ हे सांगणे सोपे नाही. पण कायदा बारा वर्षांच्या मुलाला फाशी देत नाही, १९९४ सालीही देत नव्हता. ती नोंद तेव्हाच कोर्टापुढे आली असती तर त्या घरालाही तीस वर्षे तारखांची वाट पाहावी लागली नसती.

येथे आपल्या शिक्षकवर्गाची क्षमा मागून एक कटू गोष्ट बोलतो. शाळेच्या रजिस्टरातील जन्मतारखा सगळ्याच खऱ्या नसतात. महाराष्ट्रात १ जूनला आणि आपल्याकडे १ जुलैला जन्मलेली माणसे इतकी का, हे ठाऊक नसलेला श्रोता येथे क्वचितच असेल. मूल शाळेत बसवायचे, वय भरत नाही, गुरुजी एक तारीख टाकतात. त्या वेळी ते उपकाराचे वाटते. तीस वर्षांनी सत्र न्यायालयात सरकारी वकील त्याच पानावर बोट ठेवून विचारतो, की या वर्गातील सतरा मुले एकाच दिवशी जन्मली काय? आणि एका मुलाची खरी नोंद सोळा खोट्या नोंदींच्या संगतीने संशयास्पद ठरते.

सर हे करीत नसत. आई-बापांना तारीख आठवत नसेल तर ते विचारत : त्या वर्षी सिंहस्थ होता का? पूर आला होता का? थोरला मुलगा तेव्हा चालत होता का? त्यावरून महिना काढत आणि समासात बारीक अक्षरांत लिहीत, ‘आईच्या सांगण्यावरून’. पुढे एका खटल्यात हे रजिस्टर कोर्टाने मागवले तेव्हा सर ते पांढऱ्या मांजरपाटाच्या कापडात गुंडाळून सायकलला बांधून घेऊन गेले. मी तेव्हा नवखा वकील होतो आणि मागच्या बाकावर बसलो होतो. मूळ रजिस्टर ठेवून जा, असे कोर्टाच्या कारकुनाने सांगितले. सरांनी नम्रपणे नकार दिला. त्यात आणखी सहाशे मुले आहेत, म्हणाले, नक्कल करून घ्या, मी बसतो. संध्याकाळपर्यंत बसले. उलटतपासणीत वकिलाने समासातल्या त्या टिपेवरून त्यांना खिजवले : म्हणजे तुम्हांला खात्री नव्हती तर! सर म्हणाले, ‘नव्हती, म्हणून तसे लिहिले.’ न्यायाधीशांनी ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले. आरोपीला त्याचा फायदा मिळाला.

आता माझी स्वतःची चूक. ती सांगितल्याशिवाय या व्यासपीठावरून उतरणे मला बरे वाटणार नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी भैरवगढमधील एका कैद्याचे अपील माझ्याकडे आले होते. घटनेच्या रात्री मी पाळीवर होतो, असे तो खटल्यातही सांगत होता. ज्या कारखान्यात तो काम करी त्याचे हजेरीपुस्तक खालच्या वकिलाने मागवले नव्हते. मी पेपर बुक बारकाईने वाचले, साक्षींतील विसंगती काढल्या, चांगला युक्तिवाद केला असे मला तेव्हा वाटले. अपील फेटाळले गेले. दीड वर्षाने त्याची बायको माझ्याकडे आली आणि तिने विचारले, ‘वकीलसाहेब, ते पुस्तक तुम्ही पाहिले होते का?’ मी कारखान्यात गेलो. तो बंद पडला होता. जुनी पुस्तके आधल्याच दिवाळीत रद्दीत गेली होती, असे पहारेकऱ्याने सांगितले. अपील चालू असताना ती तेथे होती. कलम ३९१ खाली एक अर्ज आणि कलम ९१ खाली एक, एवढे मी करायला हवे होते. मी बाडातच पाहत बसलो. पुस्तकात त्याची हजेरी होती की नव्हती, हे आता कोणालाही कळणार नाही. शिक्षेत सूट मिळून तो पुढे सुटला. एकदा फ्रीगंजात भेटला, नमस्कार केला, त्या विषयावर काही बोलला नाही.

तेव्हापासून भैरवगढच्या खोलीत मी निकालाची नक्कल आधी उघडत नाही. आधी विचारतो : तुझ्याविषयीचा कोणता कागद कोणाच्या कपाटात आहे? शाळेत गेला होतास का? किती इयत्तेपर्यंत? दवाखान्यात कधी भरती होतास? रेशनकार्ड कुठले? मजुरीची पावती? कैद्यांना हे प्रश्न चमत्कारिक वाटतात. एकाने मला विचारले, साहेब, माझे लग्न जमवताय काय?

माझ्यासमोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांत मुख्याध्यापक आहेत, पटवारी आहेत, रुग्णालयात नोंदी ठेवणारे आहेत, दोघे-तिघे पोलीस खात्यातील आहेत. त्यांच्याकडे विधी सेवेचे एखादे पत्र येते, त्यावर जुनी तारीख, अर्धवट नाव आणि न लागणारे गाव असते. ते फाइलला लावून ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर पाठवणे फार सोपे असते. मी स्वतः अशी उत्तरे कोर्टात वाचून दाखवली आहेत. एकदा तर ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर आलेले रजिस्टर, मी प्रत्यक्ष गेलो तेव्हा, त्याच खोलीत पंख्याखाली उंचवटा म्हणून ठेवलेले सापडले. त्या कार्यालयाचे नाव मी घेत नाही. पंखा मात्र छान चालत होता.

गेल्या वर्षी आपल्या शाळेलाही असे एक पत्र आले. भैरवगढमधील एका कैद्याने, तिसरीपर्यंत येथे शिकलो, असे सांगितले होते. नाव जुळत नव्हते, आडनाव तर नव्हतेच. मुख्याध्यापिकाबाईंनी आणि कार्यालयातील दोघींनी चार रजिस्टरे काढली. सरांनी प्रत्येक रजिस्टराच्या शेवटी घरच्या नावांची एक वेगळी यादी करून ठेवली होती; त्यात ते नाव सापडले. समासात टीप आहे. प्रकरण न्यायालयापुढे असल्याने मी अधिक काही बोलणे उचित नाही. उच्च न्यायालयाने अतिरिक्त पुरावा घेण्यास अनुमती दिली असून सत्र न्यायालयाला साक्ष नोंदवण्यास सांगितले आहे. ती नोंद खरी की खोटी, तो मुलगा हाच की दुसरा, हे तेथे उलटतपासणीत ठरेल. तारीख पुढल्या महिन्यात आहे. मूळ रजिस्टर घेऊन बाईंना स्वतः जावे लागेल. मांजरपाटाचे ते कापड अजून कपाटात आहे, असे त्यांनी मला मघाशी सांगितले.